स्वस्त तिकिटातली मेख

युरोपात स्वतःचे स्वतः फिरून यायचे ठरवणारी घरे कोल्हापुरात आता बरीच आहेत. मुलगा म्युनिकला नोकरीला किंवा मुलगी झुरिकला शिकायला, आणि मे महिन्यात आई-वडील तीन आठवड्यांसाठी तिकडे. टूर कंपनीची बस नको, आपण रेल्वेने फिरू, इथवर ठरले की पुढचा प्रश्न ठरलेला: फर्स्ट क्लास काढायचा की सेकंड? मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आयुष्यात एकदाच जायचंय, फर्स्टनंच जाऊया की. दुसरा म्हणतो, सेकंडला काय झालंय, उगीच कशाला पैसे उधळायचे. दोघांचेही पटण्यासारखे असते. फक्त दोघेही बोलत असतात ते महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या डब्यांबद्दल.

रात्री कोल्हापूर सोडून सकाळी मुंबईला पोचणाऱ्या या गाडीत जनरल, स्लीपर, थ्री एसी, टू एसी आणि फर्स्ट एसी अशी पूर्ण उतरंड आहे. पाचशेवर किलोमीटरच्या या प्रवासात फर्स्ट एसीचे भाडे स्लीपरच्या पाच-सहा पटींवर जाते. त्या जास्तीच्या पैशांत झोप मिळते, चादर मिळते, दार लावता येते, गर्दी बाहेर राहते. जनरलचा प्रवासी आणि फर्स्ट एसीचा प्रवासी एकाच गाडीने मुंबईला पोचतात, पण दोघांची रात्र एक नसते. त्यामुळे वर्ग म्हणजेच प्रवासाचा दर्जा हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे, आणि इथे ते खरेही आहे.

युरोपात ते लागू पडत नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, फ्रान्स या देशांतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा दुसरा वर्ग म्हणजे साधारण आपल्या वंदे भारतच्या चेअर कारसारखा डबा: वातानुकूलित, स्वच्छ, फक्त मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोनच खुर्च्या. पहिल्या वर्गात एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक, म्हणून खुर्ची रुंद, पाय लांब करायला जागा, माणसे कमी. गाडी तीच, वेळ तोच, खिडकीबाहेरचे आल्प्सही तेच. भावातला फरकही आपल्यासारखा नाही. युरेल पासात पहिला वर्ग दुसऱ्यापेक्षा जेमतेम चौथाईने महाग पडतो, तर स्वित्झर्लंडच्या पासात हा फरक साठ टक्क्यांच्या घरात जातो. पाच-सहा पटींची सवय असलेल्या माणसाला हे आकडे पाहून फर्स्ट क्लास स्वस्तच वाटायला लागतो, आणि मोह होतो तो इथेच.

हे अंतर कमी होण्यालाही इतिहास आहे. युरोपातल्या बहुतेक रेल्वेंनी तिसरा वर्ग जून १९५६ मध्ये एकदमच बंद केला. ब्रिटनमध्ये तर दुसरा वर्ग आधीच जवळपास नाहीसा झाला होता. तिथे पहिला आणि तिसरा असे दोनच वर्ग उरले होते, म्हणून १९५६ मध्ये तिसऱ्यालाच दुसरा म्हणायला सुरुवात झाली. गांधीजींनी १९१७ मध्ये ज्याच्या हालअपेष्टांवर पुस्तिका लिहिली, तो आपल्याकडचा तिसरा वर्ग कागदावरून जायला १९७४ साल उजाडले. तिकडे तळाची पायरी काढून टाकली आणि उरलेल्या दोन पायऱ्या एकमेकींच्या जवळ आणल्या. आपण वर एसीच्या नव्या पायऱ्या बांधत गेलो.

म्हणून युरोपच्या तिकिटात वर्गाचा रकाना दुय्यम आहे. खरा प्रश्न शेजारच्या रकान्यात असतो, आणि तो बारीक अक्षरांत छापलेला असतो: हे तिकीट कोणत्या अटीवर विकले आहे?

जर्मनीचे उदाहरण घेऊ, कारण मराठी घरांतली सर्वाधिक तिकिटे बहुधा तिथलीच काढली जातात. एकाच गाडीच्या एकाच वर्गात तिथे तीन भाव असतात. सर्वांत स्वस्त सुपर श्पारप्राइस. ते ठरलेल्या गाडीलाच चालते आणि रद्द केले तर पैसे परत नाहीत. त्यावर श्पारप्राइस: गाडी ठरलेलीच, पण प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत शुल्क कापून घेऊन रद्द करता येते. सर्वांत वर फ्लेक्सप्राइस, ज्यात त्या मार्गावरची त्या दिवशीची कोणतीही गाडी पकडावी. फ्रँकफुर्ट ते म्युनिक हा प्रवास महिनाभर आधी काढला तर वीस-पंचवीस युरोंत होऊ शकतो आणि आयत्या वेळी फ्लेक्समध्ये शंभराच्या वर जातो. खुर्ची दोन्ही तिकिटांना तीच. लवकर काढलेले पहिल्या वर्गाचे बांधील तिकीट आयत्या वेळच्या दुसऱ्या वर्गाच्या मोकळ्या तिकिटापेक्षा स्वस्त पडते, असेही सर्रास होते. फर्स्ट महाग आणि सेकंड स्वस्त हा हिशेब तिथे सरळ उलटतो.

कोल्हापूरच्या आरक्षण खिडकीवर हा प्रकार माहितीचा नाही. आपल्याकडे नेहमीचे तिकीट साठ दिवस आधी काढा नाहीतर चार दिवस आधी, भाडे तेच. लवकर जाणाऱ्याला कमी भाडे नव्हे, बर्थ मिळतो. उशीर झाला की वेटिंग, आरएसी आणि शेवटी तत्काळ. तत्काळला जास्तीचे पैसे मोजायचे आणि कन्फर्म तिकीट रद्द केले तर परतावा शून्य. म्हणजे महागही आपणच घ्यायचे आणि अडकायचेही आपणच. युरोपात अडकून घेणाऱ्याला सूट मिळते आणि मोकळे राहायचे असेल त्याला जास्त पैसे पडतात. गर्दीनुसार वाढणारे भाडे भारतीय रेल्वेने सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना लावले: दर दहा टक्के जागा भरल्या की भाडे दहा टक्क्यांनी वर. पण कोल्हापूरच्या वाट्याला यातली एकही गाडी नाही. त्यामुळे असा चढता भाव इथल्या माणसाने पाहिलेला असतो तो विमानाच्या तिकिटात.

आता स्वस्त तिकिटातली मेख. ती युरोपातल्या माणसाला टोचत नाही, भारतीय पासपोर्टवाल्याला टोचते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला नियमाप्रमाणे पंधरा दिवस, पण अपॉइंटमेंट मिळणे, पुण्या-मुंबईच्या केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे देणे, पासपोर्ट परत येणे यात उन्हाळ्याच्या तोंडावर किती वेळ जाईल याचा नेम नसतो. स्वस्त तिकिटे विकली जातात ती नेमकी याच काळात. व्हिसा हातात येण्याआधी परत न होणारी सहा तिकिटे काढून ठेवली आणि व्हिसा लांबला, तर सगळे पैसे बुडतात. व्हिसाची वाट पाहिली तर भाव चढलेला असतो. यावर मधला रस्ता असा, की ज्या गाड्यांचे भाव खूप चढतात तेवढ्यांचीच रद्द करता येणारी मधली तिकिटे आधी घ्यावीत आणि बाकीची व्हिसा आल्यावर काढावीत. दोन-चार युरोंसाठी सर्वांत खालच्या भावावर झेप घेणे हा, व्हिसा हातात नसलेल्या माणसासाठी, सरळसरळ जुगार आहे.

आणि काही गाड्यांना घाई करायची गरजच नसते. हे समजून घ्यायला कोल्हापूरकराला फ्लोरेन्सचे उदाहरण जवळचे वाटेल. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये वारले, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी. त्यांनी ठेवलेली रोजनिशी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर महाराजांचा दहनविधी झाला. तिथेच, काशिने उद्यानाच्या टोकाला, घुमटीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या पुलाला इटालियन लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. इटलीला जाणारा कोल्हापूरचा माणूस वाकडी वाट करून तिथे जाऊन हात जोडून येतो. कोल्हापूरला स्वतःची रेल्वे, मिरजेपासूनची, आली ती महाराजांच्या निधनानंतर एकवीस वर्षांनी, १८९१ मध्ये.

आज रोमहून फ्लोरेन्सला जायला मुख्यतः दोन रस्ते. फ्रेच्चारोसा ही वेगवान गाडी दीड तासात पोचवते. तिच्यात स्टँडर्ड, प्रीमियम, बिझनेस, एक्झिक्युटिव्ह असे चार वर्ग, शिवाय प्रत्येक वर्गात बेस, इकॉनॉमी, सुपर इकॉनॉमी असे अटींचे भाव. म्हणजे एकाच गाडीचे बारा रकाने समोर येतात आणि माणूस गांगरतो. प्रीमियम म्हणजे कातडी खुर्ची आणि खाऊ-पेय, एवढ्यावर दीड तासासाठी विचार संपवायला हरकत नाही. याच मार्गावर इटालो ही खासगी कंपनीही २०१२ पासून गाड्या चालवते, तेव्हा दोघांचे भाव शेजारी ठेवून पाहावेत. स्पर्धेचा फायदा प्रवाशाला मिळतो तो असा. दुसरा रस्ता साध्या प्रादेशिक गाडीचा. साडेतीन-चार तास लागतात, पण भाडे किलोमीटरवर ठरलेले, महिनाभर आधी काढा की गाडी सुटण्याआधी पाच मिनिटे. जागा संपली असे होत नाही. पुढे फ्लोरेन्सहून पिसाचा कलता मनोरा पाहायला जायचे तर हीच प्रादेशिक गाडी तासाभरात नेते, आणि तिचे आरक्षण घरून करून ठेवणारा माणूस नसलेल्या गर्दीची काळजी करत असतो. काळजी एकाच गोष्टीची घ्यावी: कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात ठसा मारून मगच चढायचे. ठसा नसला तर टीसीच्या लेखी ते तिकीट वापरलेच नाही, आणि दंड होतो. ‘आम्ही परदेशी आहोत, माहिती नव्हती’ ही सबब तिथले टीसी रोज ऐकतात.

तिकीट आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्यांदा जाणाऱ्याच्या पचनी पडायला वेळ लागतो. आपल्याकडे आरक्षित तिकिटावर डबा आणि बर्थ छापलेला असतोच. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये तिकीट म्हणजे गाडीत चढण्याचा हक्क. बसायला जागा हवी तर वेगळे आरक्षण, पाचेक युरोंचे, आणि ते न करताही चढता येते. रिकामी खुर्ची दिसली की तिच्यावरची पट्टी वाचायची; पुढच्या स्टेशनपासून ती कुणाची असेल तर तिथे उठायचे. फ्रान्सच्या टीजीव्हीत आणि युरोस्टारमध्ये मात्र जागेशिवाय तिकीटच नाही. चौघांचे कुटुंब मोठ्या बॅगा घेऊन शुक्रवारी संध्याकाळी जर्मन गाडीत आरक्षणाविना चढले, तर आजी एका डब्यात आणि नातवंडे दुसऱ्यात अशी पांगापांग व्हायची. ते पाचेक युरो खर्च करावेत. फर्स्ट क्लासवर खर्च करण्याआधी तर नक्कीच.

पासचा प्रश्न यातूनच येतो. १९५९ पासून युरोपबाहेरच्या लोकांसाठी युरेल पास विकला जातो. आज तो ३३ देशांत चालतो. महिनाभरात कोणतेही चार, पाच किंवा सात दिवस, किंवा दोन महिन्यांत दहा-पंधरा दिवस, असे प्रकार त्यात आहेत, शिवाय सलग दिवसांचेही. साठ वर्षांपुढच्यांना आणि सत्तावीसपर्यंतच्या तरुणांना सवलत, आणि मोठ्या माणसाबरोबर चार ते अकरा वर्षांची दोन मुले फुकट. कागदावर हे सगळे सुरेख दिसते. मराठी घरांत गडबड होते ती म्युनिकच्या मुलामुळे. तो युरोपचा रहिवासी, त्याला युरेल चालत नाही. त्याने इंटररेल घ्यायचा, आणि राहत्या देशात तो पास फक्त बाहेर पडताना एकदा आणि परतताना एकदा वापरता येतो. आई-वडिलांनी इथून तिघांचे युरेल पास घेतले, तर त्यातला एक वाया गेलाच म्हणून समजा.

दुसरी मेख अशी की पास असला तरी टीजीव्ही आणि युरोस्टारला जागेचे पैसे वेगळे द्यावे लागतात, आणि पासवाल्यांसाठी त्या गाड्यांत जागांचा कोटा मर्यादित असतो. कोटा संपला की गाडीत रिकाम्या खुर्च्या असूनही पासवाल्याला चढता येत नाही. फ्रान्सची स्वस्त उईगो गाडी तर पास मानतच नाही. म्हणून फ्रान्स-इटलीतच फिरणाऱ्याला पास क्वचित परवडतो, आणि जर्मनी-ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडच्या पट्ट्यात रोज वेगळ्या गाडीने भटकणाऱ्याला तो अनेकदा परवडतो. न वापरलेला, सुरू न केलेला पास काही रक्कम कापून परत करता येतो. व्हिसाची टांगती तलवार असणाऱ्याला हा त्याचा सर्वांत मोठा गुण. फक्त सेलमधल्या पासला ही सोय नसते.

स्वित्झर्लंडचे गणित स्वतंत्र मांडावे लागते. तिथे साधे तिकीट अंतरावर ठरते आणि दिवसभर कोणत्याही गाडीला चालते. या बाबतीत ते आपल्या पद्धतीच्या जवळचे. पण महाग. त्यावर पाहुण्यांसाठी मुख्य उपाय दोन. स्विस ट्रॅव्हल पास तीन ते पंधरा दिवसांचा: गाड्या, बस, तलावातल्या बोटी आणि पाचशेहून अधिक संग्रहालये त्यात आली. आणि महिनाभराचे हाफ फेअर कार्ड: जवळपास प्रत्येक तिकीट अर्ध्या किमतीत. बहुतेक मराठी घरे पास घेतात, कारण एकदा पैसे भरले की डोक्याला ताप नाही. मग युंगफ्राउयोखचा दिवस येतो. ३,४५४ मीटर उंचीचे हे स्टेशन १९१२ पासून चालू आहे, आणि वर भारतीय जेवणाचे ‘बॉलिवूड’ नावाचे रेस्टॉरंटही आहे, इतकी आपल्या लोकांची तिथे ये-जा. ट्रॅव्हल पास तिथे ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच फुकट चालतो आणि पुढच्या सर्वांत महाग टप्प्यावर फक्त पंचवीस टक्के सूट देतो. हाफ फेअर कार्ड सगळ्या टप्प्यांवर निम्मे पैसे वाचवते. उलट रिगीच्या शिखरावर जायचे तर ल्युसर्नहून बोट आणि फिट्सनाऊहून १८७१ पासूनची दातेरी रेल्वे, दोन्ही ट्रॅव्हल पासात आले. मुक्काम एकाच गावी आणि दोन महागडी शिखरे असतील तर हाफ फेअर. रोज गाव बदलायचे, बोटी आणि संग्रहालये करायची तर पास. कागदावर पाच मिनिटांची बेरीज करावी, कारण चौघांत तो फरक हजारो रुपयांत जातो.

मुलांच्या बाबतीत एक बारकी अट आहे, ती मोठी ठरते. सहा ते पंधरा वर्षांची मुले स्विस फॅमिली कार्डावर फुकट, पण सोबत आई किंवा वडील हवेत. आजी-आजोबा नातवाला घेऊन निघाले तर फॅमिली कार्ड चालत नाही, नातवाला अर्ध्या किमतीचा पास घ्यावा लागतो. आणि ग्लेशियर एक्स्प्रेस, बर्निना एक्स्प्रेस या नावाजलेल्या गाड्यांना पास असला तरी जागेचे आरक्षण सक्तीचे आणि वेगळ्या पैशांचे. याच बर्निना मार्गावर साध्या गाड्याही धावतात, त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून. त्यांच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडता येतात. मोठ्या काचेच्या, बंद डब्यात बसून फोटोत स्वतःचेच प्रतिबिंब पाहायचे त्यापेक्षा साधी गाडी बरी, असे म्हणायला जागा आहे.

रात्रीच्या गाड्यांपाशी मात्र आपला अनुभव कामी येतो. ऑस्ट्रियन रेल्वेच्या नाइटजेट गाड्यांत बसायची खुर्ची, चार किंवा सहा जणांचा कुशेट आणि एक ते तीन जणांची स्लीपर केबिन अशी उतरंड आहे, आणि इथे वर्गाने खरोखर रात्र बदलते. कुशेट म्हणजे आपला थ्री टायर, फक्त दार असलेला. उशी, पांघरूण आणि सकाळी थोडा नाश्ता. महिलांसाठी वेगळा कप्पा मागता येतो. डिसेंबर २०२३ पासून आलेल्या नव्या गाड्यांत एकट्या माणसासाठी कपाटाएवढ्या छोट्या केबिनही आहेत. रात्र खुर्चीत काढून स्वस्तात पोचू, हा विचार पन्नाशीपुढच्याने करू नये. हॉटेलचे एका रात्रीचे भाडे वाचते ते लक्षात घेऊन कुशेट किंवा केबिन घ्यावी. कोल्हापूर-मुंबई रात्रीच्या गाडीने वर्षानुवर्षे करणाऱ्याला वरच्या बर्थवर चढायला कुणी शिकवायला नको.

मग दिवसाच्या गाडीत पहिला वर्ग कधीच घेऊ नये का? घ्यावा, पण कारण सामानाचे असावे. युरोपातल्या स्टेशनांवर हमाल नसतात, गाडी मधल्या स्टेशनवर दोन-चार मिनिटे थांबते आणि चढायला दोन पायऱ्या असतात. तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यात चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी, आणि गुडघे दुखणारी आई असा संच असेल तर पहिल्या वर्गातली मोकळी जागा आणि कमी माणसे यांची किंमत रास्त वाटते. तीस टक्क्यांच्या आत फरक असेल तर बिनधास्त, त्याहून जास्त असेल तर फक्त लांबच्या दिवशी. उन्हाळ्यातले शुक्रवार-रविवारही याच यादीत.

गाडी चुकण्याचा विषय याहून महत्त्वाचा, पण तिकीट काढताना कुणाच्या मनात नसतो. एका तिकिटावर दोन गाड्या असतील आणि पहिली उशिरा पोचली, तर पुढची गाडी देणे रेल्वेवर येते. जर्मनीत पोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असे दिसले की ठरलेल्या गाडीचे बंधन सुटते आणि स्वस्त तिकीटही दुसऱ्या गाडीला चालते. युरोपीय संघाच्या नियमानुसार एक तासाहून अधिक उशीर झाला तर भाड्याचा चौथा हिस्सा परत, दोन तासांवर निम्मे. पण पैसे वाचवण्यासाठी त्याच प्रवासाची दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे काढली असतील, तर दुसरी कंपनी हात वर करू शकते. आपल्याकडेही एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर जोडायची सोय आहे. मिरजेला पुढची गाडी पकडणाऱ्याला ती माहीत असायला हवी. परदेशात वेगळी तिकिटे काढायचीच असतील तर मध्ये दीड-दोन तास ठेवावेत. एकाच आंतरराष्ट्रीय गाडीचे तिकीट दोन देशांच्या रेल्वे वेगवेगळ्या भावाने विकतात, हेही ध्यानात ठेवावे. बर्लिन-प्राग गाडीचे जर्मनीच्या साइटवर एक भाडे दिसेल, चेक रेल्वेच्या साइटवर दुसरे. दोन्हीकडे डोकावून मगच कार्ड काढावे, आणि परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ते दोन ते साडेतीन टक्के बेरजेत धरावेत.

सीमा ओलांडणारी गाडी ही मिरज-कोल्हापूर पट्ट्याला तशी नवी गोष्ट नव्हे. १९६१ पर्यंत गोवा परका मुलूख होता आणि मिरज, बेळगाव, लोंढामार्गे मुरगावला जाणारी मीटरगेज गाडी ही खरीखुरी आंतरराष्ट्रीय गाडी होती. कॅसलरॉकला ब्रिटिश हद्दीची जकात, दूधसागर उतरून खाली कुळ्याला पोर्तुगिजांची. वर्ग पहिला असो की तिसरा, सामान दोन्हीकडे उघडून दाखवावे लागे. १९५५ मध्ये गोव्याच्या सत्याग्रहाच्या काळात हा दुवा तुटला आणि गोवा मुक्त झाल्यावरच पुन्हा जोडला गेला.

लंडन-पॅरिस युरोस्टारमध्ये आज तीच दुहेरी तपासणी वेगळ्या रूपात आहे: लंडनला चढण्याआधीच फ्रान्सचे अधिकारी पासपोर्ट पाहतात, पॅरिसला चढण्याआधी ब्रिटनचे. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे दोन व्हिसा लागतात, आणि फिरून परत शेंगेनमध्ये यायचे तर तो व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. ही चूक झाली तर स्टँडर्ड, प्लस आणि प्रीमियर या तिन्ही वर्गांचे प्रवासी एकाच बाकावर बसतात, स्टेशनबाहेरच्या. भारताच्या स्वतःच्या सीमेवरच्या गाड्यांची कथा मात्र राजकारणाची आहे. पाकिस्तानकडच्या दोन गाड्या, १९७६ ची समझौता आणि २००६ ची थार, ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झाल्या. कोलकाता-ढाका मैत्री एक्स्प्रेस २००८ मध्ये सुरू झाली आणि जुलै २०२४ मध्ये थांबली. बिहारमधल्या जयनगरहून नेपाळात जनकपूर-कुर्थ्याला जाणारी गाडी एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाली. तिला भारतीयांना पासपोर्ट लागत नाही, ओळखपत्र पुरते.

पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी हिशेब पुन्हा वेगळे. जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ पर्यंत २९,६५० येनला मिळत होता, तो एका रात्रीत ५०,००० येन झाला. टोकियो-क्योटो जाऊन येऊन सुटी तिकिटे अठ्ठावीस हजार येनच्या आसपास पडतात. म्हणजे त्या पलीकडे बरीच लांब धाव घेणार नसाल तर जुन्या प्रवासवर्णनांतला ‘पास घ्याच’ हा सल्ला आता तोट्याचा. तिथल्या साध्या वर्गाचा डबा इतका उत्तम असतो की ग्रीन कारचे, म्हणजे तिथल्या पहिल्या वर्गाचे, जास्तीचे पैसे कशासाठी, हा प्रश्न आत बसल्यावरही सुटत नाही.

सर्वांत गमतीचे भाडे सिंगापूर आणि मलेशियातल्या जोहोर बाहरूला जोडणाऱ्या शटल गाडीचे. एकच वर्ग, पाच मिनिटांचा प्रवास, मध्ये सामुद्रधुनीवरचा बंधारा. जोहोरहून सिंगापूरला येताना तिकीट पाच रिंगिट, आणि सिंगापूरहून जोहोरला जाताना पाच सिंगापूर डॉलर. आकडा तोच, पण डॉलर रिंगिटच्या तिपटीच्या आसपास असल्यामुळे त्याच रुळांवर त्याच डब्यात जाणारा येणाऱ्यापेक्षा तिप्पट मोजतो. सिंगापूरमध्ये मुलाकडे गेलेल्या आई-वडिलांनी दिवसभराची जोहोर सहल आखताना जाताना बस आणि येताना ही गाडी धरावी, सुटीच्या दिवसांची तिकिटे आधी काढावीत, आणि सिंगापूरचा व्हिसा परत आत येऊ देणारा आहे ना, ते घरातून निघण्याआधी पाहून घ्यावे.